रक्त आणि बिऱ्हाड

दसरा उलटला की अंबड-घनसावंगीकडील रस्त्यांवर ऊसतोडीस निघालेली बिऱ्हाडे दिसू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी, आणि या सर्वांवर बसलेली पोरे. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. ती फेडण्यास नवराबायकोने जोडीने फडात राबायचे.

एके वर्षी अशाच एका घरची आजीबाई आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यास आली. नातू फडावरून परतला, तो शाळेच्या पटावरून त्याचे नाव कमी झालेले! आम्ही पडलो पदवीधर. अर्जात कूळ, जात, मूळ गाव यांचा सविस्तर पाढा वाचला. आजीबाईने तो शांतपणे ऐकला व म्हणाली, "सर, हे समदं खरं, पर पोरगं गेल्या साली हितंच शिकलं, तेवढं लिवा की."

त्या वाक्याने आम्हांस सखाराम गणेश पंडित आठवले. अहमदाबादेस जन्मलेले हे गृहस्थ 1906 साली अमेरिकेस गेले, 1914 साली तेथील नागरिक व पुढे कॅलिफोर्नियात वकील झाले. परदेशस्थाला नागरिक होण्यास तेव्हा 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावे लागे. भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाची बाजू पंडितांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली ती अशी की, उच्चवर्णीय हिंदू हा आर्य, म्हणून गोराच. 1923 साली न्यायालयाने ती फेटाळली. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणेल तोच गोरा, असे ठरले. मग अनेक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावले जाऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी तर 1928 साली, पत्नी व तीन मुलगे मागे ठेवून, आत्मघात केला.

खुद्द पंडितांवरही सरकारने दावा लावला. या खेपेस मात्र त्यांनी आपल्या बिऱ्हाडाची गोष्ट सांगितली: न्यायालयाच्या निवाड्यावर विसंबून आपण हिंदुस्थानातील वारसाहक्क सोडला, वकिली उभी केली, संसार थाटला, आता आपले नागरिकत्व गेल्यास अमेरिकन पत्नीचेही जाईल. 1926 साली अपील न्यायालयाने निकाल दिला की, 1914 च्या निवाड्यावर सरकारने वेळीच अपील केले नाही. तो प्रश्न आता पुन्हा उकरता येणार नाही. 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज नाकारला, आणि इतर हिंदी नागरिकांवरील असे दावेही सरकारला सोडावे लागले.

एकाच वकिलाचे हे दोन युक्तिवाद! पहिल्यात कुळाचा अभिमान होता. तो मान्य झाला असता तरी दाराबाहेरच्या इतरांस त्याचा काय उपयोग होता? दुसऱ्यात एवढेच म्हणणे होते की, माणूस एके ठिकाणी विश्वासाने रुजला म्हणजे त्याला उपटू नये. जिंकला तो दुसरा. आणि त्याने अनेकांची घरे राखली. आम्हां सुशिक्षितांची लेखणी मात्र अजूनही आधी पहिल्याकडेच वळते.

2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यात कुळाची अट कोठेच नाही. आम्ही तो अर्ज फाडला, आजीबाईचे वाक्य शुद्ध करून लिहिले, आणि खाली तिचा अंगठा घेतला. चार दिवसांनी पोराचे नाव पुन्हा पटावर चढले. त्या अर्जात आमची भर काय ती शुद्धलेखनाची.