कल्हई, डाख आणि एक अर्धवट मुलाखत

निजामी राजवटीच्या अखेरच्या दिवसांच्या आठवणी सांगणारे एक आजोबा सेलूत होते. १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस त्यांनी लहानपणी पाहिलेला. तासभर ते बोलले आणि माझा रेकॉर्डर मध्येच मालवला. चालू फाइल जतन होण्याआधीच वीज तुटली होती. दोन महिन्यांनी आजोबा गेले. म्हणून आजचा थ्रेड कोणत्याही राजाचा नाही. एका सांध्याचा आहे.

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी भिंगाखाली बोर्ड दाखवला. बॅटरीच्या जोडणीचा एक पाय सुटला होता, आणि सुटल्या जागी डाख, म्हणजे सोल्डर, जवळजवळ नव्हताच. खाली काळपट निकेल होते. काका म्हणाले, “डाख तुटला नाही बाई, त्यानं खालची जमीनच धरली नव्हती.”

हे समजायला मला कल्हईवाला आठवावा लागला. भांडे तापवायचे, नवसागराने तांब्यावरचा गंज काढायचा, कथील टाकायचे आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. कथील तांब्यावर नुसते पसरत नाही. दोघांच्या सीमेवर त्यांचे एक पातळ संयुग तयार होते. खरा सांधा तोच. तो पातळ असेल तर टिकतो, फार जाड झाला तर ठिसूळ होतो.

सर्किट बोर्डावरचे तांबेही हवेत काळवंडते आणि मग डाख धरत नाही. म्हणून त्यावर आधीच लेप देतात. जुनी रीत सरळ कल्हईची: बोर्ड वितळलेल्या कथील-शिशात बुडवायचा आणि गरम हवेच्या झोताने जादा धातू उडवायचा. पण हा लेप उंचसखल बसतो. सुटे भाग बारीक होत गेले तशी सपाट पृष्ठाची गरज वाढली; त्यात १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने अशा उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले. निकेलवर सोन्याचा पातळ मुलामा देण्याची रीत या काळात फार पसरली.

सोने म्हणजे भक्कम सांधा, असे मला वाटे. प्रत्यक्षात सोने केवळ पहारेकरी असते. डाख वितळताच ते त्यात विरघळून जाते आणि सांधा निकेलशी जुळतो. सोने चढवणाऱ्या रसायनाने निकेल पोखरले, तर वरून सारे लखलखीत दिसते, चाचणीतही उत्तीर्ण होते. एखाद्या धक्क्याने मात्र सांधा निखळतो. माझा रेकॉर्डर एकदा एसटीत पडला होता.

कागद, शाई, मोडी लिपीचे वळण तपासायला आम्हाला शिकवतात. ज्या यंत्रात साक्ष साठवतो, त्याच्या पोटात कुणी डोकावत नाही. आता मी दोन यंत्रे नेते आणि दर दहा मिनिटांनी नवी फाइल सुरू करते.

त्या दिवशीची एकच फाइल वाचली, सुरुवातीची अकरा मिनिटे. तिच्यात आजोबा वडिलांचे बोट धरून सेलूच्या स्थानकापर्यंत पोहोचतात. मग म्हणतात, “थांब पोरी, चहा घेऊ, मग सांगतो.”