ओला टॉवेल

आमच्या प्रीमिअर पद्मिनीला पुढच्या दोन्ही दारांत एकेक तिकोनी काच होती. ती किती वळवली की वारा मागच्या सीटपर्यंत पोचतो, हे माझ्या हाताला पाठ होतं. मे महिन्यात अकोल्याहून अमरावतीला मामाकडे जायचं तर बाबा पहाटे चारला गाडी काढत. कधी निघायला उशीर झालाच, तर मूर्तिजापूरच्या पुढे भट्टीचं तोंड उघडल्यासारखा झोत आत यायचा आणि ती तिकोनी काचही मिटावी लागायची. मग आई पिशवीतून ओला टॉवेल काढायची. मागची काच अर्धी खाली घेऊन तो पडद्यासारखा धरायचा, एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. त्यातून येणारा वारा गार असायचा. दहा मिनिटांत टॉवेल कडक वाळायचा, आई त्यावर पुन्हा पाणी ओतायची आणि मी माझं टोक पुन्हा धरायचो.

वाळताना ओलं फडकं भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतं, हे शाळेत शिकलो तेव्हा त्यात नवं काही वाटलं नाही. माठ तेच करत होता, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तेच करत होत्या.

1998 साली पुण्यात नोकरीला असताना जुनी मारुती 800 घेतली, एसीवाली. 796 सीसीचं इंजिन, त्याच्याच पट्ट्यावर एसीचा कॉम्प्रेसर. खंबाटकीचा चढ लागला की मी एसी बंद करायचो आणि माथ्यावर पोचलो की पुन्हा लावायचो. त्या गाडीत आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिने जाळीपुढे तळहात धरला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

आता मी अकोल्यालाच असतो. बाबा नाहीत. आईला दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. जवळपास अडीचशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, आणि उन्हाळ्यातली खेप टळत नाही. आताच्या गाडीत फक्त आकडा सांगायचा, बाकी गाडी सांभाळते. पण तीन वर्षं दर एप्रिलमध्ये पडद्यावर 22 दिसायचं आणि हवा कोमट यायची. तो आकडा आपण मागितलेल्या गारव्याचा असतो, मिळालेल्या नव्हे, हे मला बडनेऱ्याजवळ आईचा लाल झालेला चेहरा आरशात पाहून कळलं. तिन्ही वर्षं गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळालं: गॅस संपलाय, भरून देतो. वीस मिनिटांचं काम, वर्षभराची निश्चिंती. ती निश्चिंती पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नसे. चौथ्या वर्षी एका ठिकाणी तर सरळ कॉम्प्रेसर बदला म्हणाले.

तेव्हा कुणीतरी रेल्वे लायनीपलीकडच्या एका मिस्त्रींचं दुकान सांगितलं. त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली, एसी लावायला सांगितला आणि बॉनेटवर वाकून नुसतं ऐकत राहिले. टक्. काही सेकंदांनी पुन्हा टक्. ‘‘क्लच लागून राह्यला, सुटून राह्यला. आत दाब नाही,’’ म्हणाले. ‘‘कॉम्प्रेसर चांगला हाय. गॅस काही खर्च होत नसते, भाऊ. पेट्रोल हाय का ते? कमी झाला म्हंजे कुठून तरी गयून राह्यला.’’

वऱ्हाडीतलं ते ‘गयून’ माझ्या मनात रुतून बसलं. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत मला विचारावीशी वाटली नव्हती.

एसीचं सगळं चक्र बंदिस्त असतं. कॉम्प्रेसर वाफ दाबतो, ती तापते. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकतो आणि वाफेचा द्रव होतो. अरुंद व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये सुटला की उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. 134ए हा गॅस साध्या दाबाला उणे 26 अंशांवरच उकळतो. म्हणजे काम त्या टॉवेलाचंच. फक्त टॉवेलातून उडालेलं पाणी वाऱ्यावर जातं आणि इथली वाफ परत पकडून आणली जाते, दाबली जाते, पुन्हा ओली होते. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडीफार झिरपते, पण एका वर्षात यंत्रणा रिकामी होत असेल तर कुठेतरी वाट फुटलेली असते.

मिस्त्रींनी हातबत्ती घेतली आणि कंडेन्सरच्या जोडापाशी बोट फिरवलं. बाकी सगळीकडे कोरडी धूळ होती. त्या एका जोडाभोवती मात्र रुपयाएवढा काळा, चिकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस बाहेर पडतो तिथे ते झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते. नायट्रोजनचा दाब देऊन त्यांनी साबणाचा फेस ब्रशने लावला. मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, त्याच जागी पुन्हा आला. जोड उघडला तर आत रबराचं एक कडं, एका बाजूने चपटं आणि कडक झालेलं.

मी ते कडं घरी आणलं. त्या रात्री हिशेब मांडला. दर वेळी चारशे ग्रॅम धरले तरी तीन वर्षांत सव्वा किलोच्या आसपास गॅस हवेत गेला. 134ए हा ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुन्या आर-12 च्या जागी आला. पण हवा तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट भारी. सातशे लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढं नुकसान होईल, तेवढं त्या कड्याच्या फटीतून झालं होतं. विदर्भाच्या उन्हापासून आईला वाचवायला निघालो होतो आणि त्याच उन्हात भर घालत होतो. हे आठवलं की अजून जिवाला लागतं.

दुरुस्तीला अख्खी दुपार गेली. हिरवं नवं कडं तेलात बुडवून बसवलं. पाऊण तास पंपाने आतली हवा ओढली, कारण ओल राहिली तर ती व्हॉल्व्हपाशी गोठते. मग पंप बंद करून आम्ही चहा घेतला आणि निळ्या गेजचा काटा हलतो का, ते बघत बसलो. हलला नाही. बॉनेटखालच्या पट्टीवर 430 ग्रॅम लिहिलं होतं. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच गॅस आत सोडला. मिस्त्रींनी माझा हात धरून जाड पाइपावर ठेवला. पाइप गार होता, माठाच्या पोटासारखा.

पुढच्याच आठवड्यात नागपूरची खेप होती. सकाळी निघालो, संध्याकाळी ऊन कललं तरी रस्ता तापलेलाच होता. आई परतताना मूर्तिजापूरपर्यंत झोपली होती. घरी आल्यावर मी तिची पिशवी रिकामी केली. औषधं, चष्मा, पाण्याची बाटली, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या थैलीत घडी घातलेला टॉवेल. सकाळी भिजवला तसाच, अजून ओला.