फळ्यावरची ट्रंक

घर चालवणं म्हणजे प्रोजेक्ट चालवण्यासारखंच असतं असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. प्रोजेक्टला निदान एक मॅनेजर असतो, शेवटची तारीख असते आणि ती पुढे ढकलून द्यायला एखादा दयाळू क्लायंट असतो. घरात सोमवारचा डबा म्हणजे सोमवारी सकाळी सातलाच डबा. तिथे एक्स्टेन्शन नाही!

आमच्या घरात माणसं चार. मी, बायको, तिसरीतली लेक आणि दोन वर्षांपूर्वी, अण्णा गेल्यावर, कराडहून पुण्याला आमच्याकडे राहायला आलेली आई. आम्ही दोघंही हापिसवाले. त्यामुळे घराची माहिती चार डोक्यांत विखुरलेली. सिलिंडर कधी लावला हे आईला ठाऊक, शाळेची फी कधी भरायची ते बायकोला, सोसायटीचं पाणी कधी बंद असणार ते मला. आणि उद्या शाळेत हिरवे कपडे घालून जायचंय हे लेकीला बरोब्बर रात्री साडेनऊला आठवतं.

ह्यावर आम्ही आमच्या जातीचा उपाय केला होता, म्हणजे ॲप. सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, रंगीत चौकोन, आठवण करून देणाऱ्या घंटा वगैरे. ॲप चांगलंच होतं, पण ते चारपैकी दोघांच्याच खिशात. आईचा फोन फक्त फोन करायला, आणि लेकीला फोन मिळत नाही (आणि मिळणारही नाही).

आता जरा मागे जाऊ. १९७३ साली जयंतराव साळगांवकरांनी 'कालनिर्णय' सुरू केलं. आमच्या कराडच्या घरात ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं असायचं आणि त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. एकादशी आणि चतुर्थी बघायला ते घेतलेलं असलं तरी खरा कारभार त्या चौकोनांतल्या मोकळ्या जागेत चालायचा. दुधाचा खाडा, पेपरवाल्याचे पैसे, सिलिंडर लावल्याची तारीख, अण्णांची मुक्कामी ड्यूटी, माझी सहामाही. एकच जागा, घरातल्या प्रत्येकाला दिसणारी, लॉगिन नाही, पासवर्ड नाही, आणि पेन्सिल पळवता येत नाही. इतकं साधं डिझाईन मी पुढे हापिसात क्वचितच पाहिलं.

म्हणून गेल्या वर्षी बायकोने आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला एक फळा केला. हापिसात ज्याला कॅनबान म्हणतात तो. तोयोटाच्या कारखान्यात तायची ओनो ह्यांनी ही पद्धत रुजवली. जपानीत ह्या शब्दाचा अर्थ सरळ 'पाटी'. तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून कार्डं केली. प्रत्येकाचा स्केचपेन वेगळ्या रंगाचा. नियम तीनच. मधल्या रकान्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त कार्डं नाहीत. रविवारी चहाबरोबर वीस मिनिटं सगळ्यांनी फळ्यासमोर बसायचं. आणि महिनाभर हललं नाही ते कार्ड एकतर करायचं, नाहीतर फाडायचं.

तुमच्याही घरी दोघं नोकरीला असाल तर करून बघा. मधल्या रकान्याची मर्यादा तेवढी मोडू नका, सगळी जादू त्यातच आहे. 'चाललंय'मध्ये चौदा गोष्टी असणं म्हणजे काहीच चाललेलं नसणं.

फळा छान चालला. फक्त एक कार्ड हलेना. बायकोच्या हिरव्या अक्षरात त्यावर एकच शब्द होता, 'ट्रंक'.

ही अण्णांची ट्रंक. पत्र्याची, हिरवी, कोपऱ्यांना गंज धरलेली. आईबरोबर कराडहून टेम्पोत आली आणि तिच्या खोलीत पलंगाशेजारी बसली. छोट्या खोलीत तिने निम्मी वाट अडवलेली. रात्री उठताना आईचा पाय दोनदा लागला. बायकोची काळजी खरी होती, सत्तरीच्या बाईला अंधारात पडणं परवडत नाही. पण आई ट्रंक उघडत नव्हती आणि हलवूही देत नव्हती. आठ महिने ते कार्ड पहिल्या रकान्यात होतं. नियमाप्रमाणे ते कधीच फाडायला हवं होतं. दर रविवारी आम्ही चौघं त्याच्यासमोर चहा प्यायचो आणि त्याच्या आजूबाजूची कार्डं हलवायचो.

ट्रंकेत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, कराड आगारात, २००९ साली रिटायर झाले. त्यांचे खाकी शर्ट आणि पँटी, चार धोतरं, आणि खाली आजीची दोन सुती लुगडी.

जुन्या कपड्यांच्या वाटा आपल्याकडे ठरलेल्या असतात. आधी मोठ्याचं धाकट्याला, मग घरात घालायला, मग फडकं, नाहीतर बोहारणीकडे जाऊन एखादं पातेलं. गेलेल्या माणसाचे कपडे बरेच जण देऊनच टाकतात. मी एकदा चाचपून पाहिलं. आई म्हणाली, "दे की. पण उद्या मंडईत कुणी त्यांचा शर्ट घालून बसल्यालं दिसलं, तर मी काय करू, तेवढं सांग." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोंडी फोडली ती थंडीने. नोव्हेंबरात लेक रात्री पांघरूण लाथाडायला लागली. विकतची रजई तिला 'टोचते'. बायको म्हणाली, चांगली सुती गोधडी ऑनलाईन मागवू या. आई चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "इकत कशाला? घरात वाकळ हाय की. शिवायची राहिलीय एवढंच." आमच्या सातारा-कराडकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तिने स्वतः उठून ते कार्ड काढलं आणि मधल्या रकान्यात लावलं. कुणी काही बोललं नाही. लेकीने तेवढं मोजलं, "आजी, आता तीन झाली हं, अजून नाही लावायचं."

आता थोडं तांत्रिक. (विकांताचा लेख आहे, सवय जात नाही.)

वाकळेला वर आणि खाली सलग कापड लागतं, तिथे लुगडं लागतं. मधे जुन्या कपड्यांचे थर. सगळे थर धावदोऱ्याने एकमेकांना धरून ठेवायचे. जुनंच कापड का? एकतर ते मऊ असतं, सुई सहज जाते. दुसरं म्हणजे ते धुऊन धुऊन जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं सुती कापड जुन्याबरोबर शिवलं तर पहिल्याच धुण्यात नवं आकसतं, जुनं तसंच राहतं आणि वाकळेला सुरकुत्या पडतात. त्याच कारणाने आईने खाकी कपड्यांचे दोन ढीग केले. जुने सुती एकीकडे, नंतरचे टेरिकॉटचे दुसरीकडे. हाताला लागताच ती ओळखायची. मी आतल्या शिवणीवरचं लेबल शोधत बसायचो.

ढीग करतानाच ते दिसलं. प्रत्येक शर्टाचा डावा खांदा उजव्यापेक्षा फिका होता. पैशांच्या बॅगेचा पट्टा तिथून जायचा. आणि पँटींचे उजवे खिसे खाली ओघळलेले, त्यात तिकिटाचा पंच असायचा. तीस वर्षं माणूस रोज एकाच बाजूला ओढला जात होता आणि ते मला त्यांचे कपडे हातात घेतल्यावर कळलं. आई म्हणाली, "खांदा दुखायचाच त्यांचा. तेल लावून द्यायची की मी."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लातूरकडच्या. त्यांनी हॉलमध्ये पसरलेला पसारा पाहिला आणि झाडू बाजूला ठेवून खालीच बसल्या. मग वाद सुरू. आई उभ्या ओळी घालणारी, मावशी कडेने सुरू करून चौकोनात फिरत मधे येणाऱ्या. (कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी अशीच कडेकडून मधे आणतात.) मी मधे पडून हिशोब मांडला. वाकळ ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे ७२ इंच बाय ४८. ओळींमधलं अंतर एक इंच, इंचाला चार टाके. उभ्या ४८ ओळी, प्रत्येकीत २८८ टाके, एकूण १३,८२४. गोल फिरत गेलं तरी क्षेत्रफळ तेच आणि अंतर तेच, त्यामुळे टाके तेवढेच! मी विजयी मुद्रेने पाहिलं. आई म्हणाली, "मोजून झालं आसंल तर सुई घे."

शेवटी मावशींनी कडेच्या चार फेऱ्या घातल्या आणि आतल्या ओळी आईच्या. कोपरे हलू नयेत म्हणून एकावर वरवंटा, एकावर मिक्सरचं भांडं, एकावर माझा जुना लॅपटॉप (त्याचा इतका चांगला उपयोग कित्येक वर्षांत झाला नव्हता) आणि चौथ्यावर लेक. मला एका ओळीला पाऊण तास लागायचा, आईला वीस मिनिटं. बायकोचे टाके माझ्यापेक्षा बरेच सरळ. शेजारच्या दोन काकू 'जरा बघून जाते' म्हणून आल्या आणि दोन तास शिवून गेल्या. असे सात रविवार गेले.

त्या दिवसांत मी असंच शोधता शोधता अमेरिकेतल्या अलाबामातल्या जीज बेंडपर्यंत पोचलो. नदीच्या वळणातलं कृष्णवर्णीयांचं गाव, गरिबी पाचवीला पुजलेली. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. तिथल्या मिझुरी पेटवे ह्या बाईने १९४२ साली नवरा गेल्यावर त्याचे कामाचे कपडे घेऊन गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून आणि पांघरायला म्हणून. हे तिच्या मुलीने पुढे सांगितलं.

मी आईला लॅपटॉपवर तिथल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या दाखवल्या. विटलेला निळा, करडा, तपकिरी. खिसा उसवून काढला की खालचं न विटलेलं कापड गडद दिसतं, तसे चौकोन. आईने चष्मा वर केला, त्या गडद चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं खिसा व्हता." मग बऱ्याच वेळाने, "तिकडं बी थंडी आसती व्हय?"

अण्णांविषयी ती दोन वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या सात रविवारांत बोलली. तेही आमच्याकडे न बघता, सुईकडे बघत. पहाटेची पहिली गाडी, पुरात अडकलेली गाडी, सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांशी होणारी भांडणं. हा शर्ट कोणत्या सालचा, तो कोणत्या दिवाळीचा. लेक मधेमधे प्रश्न विचारायची आणि मी ओळ संपवायच्या नावाखाली खाली मान घालून शिवत राहायचो. समोरासमोर बसून आम्हाला हे जमलं नसतं.

घर आवरण्यावर आजकाल खूप लिहिलं जातं. डबे घ्या, लेबलं लावा, वर्षभर वापरलं नाही ते टाका. लेबलं लावायला आमची ना नाही, आमच्या डाळींच्या डब्यांवर आहेत. पण टाकायचं की ठेवायचं एवढे दोनच पर्याय दिले की माणूस अडून बसतो, आणि त्याचं बरोबरच असतं. आईला ती ट्रंक नको होती आणि टाकायचीही नव्हती. त्या कपड्यांना पुढचं काम हवं होतं. आपल्या आज्या-पणज्यांकडे ह्या तिसऱ्या पर्यायाची पद्धत तयार होती, आणि ती त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावी लागली नाही.

तर वाकळ झाली. वर आजीचं हिरवं लुगडं, खाली दुसरं, आत धोतरं आणि सुती खाकी. सगळी खाकी आईने आत झाकली, एक ओघळलेला खिसा मात्र वर एका कोपऱ्यात शिवला. लेक त्यात रात्री खोडरबर, चिंचोके आणि काय काय घेऊन झोपते. टेरिकॉटच्या कपड्यांची पायपुसणी करू का असं मी विचारल्यावर आईने माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. त्यांच्या पिशव्या झाल्या, भाजीला जातात. त्या मंडईत दिसल्या तर तिला चालतं, कारण त्या तिच्याच हातात असतात.

रिकामी ट्रंक आता गॅलरीत आहे, त्यात उन्हाळ्यात वाकळ जाईल. आईच्या पलंगाशेजारी पाय टाकायला जागा झाली. आणि फळ्यावर गेल्या रविवारी तपकिरी स्केचपेनने लिहिलेलं एक नवीन कार्ड लागलं. तपकिरी रंग आईचा, पण तिने आजवर एकही कार्ड लिहिलेलं नव्हतं. त्यावर लिहिलंय, 'पांढऱ्या दोऱ्याच्या रिळा ४. मावशींच्या नातवाला दुपटं.'

असो. रिळा आणायचं काम माझ्याकडे आलंय, दुकान साडेआठला बंद होतं. पळतो :)