शटरची स्प्रिंग, भामरागडच्या भावात

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या शटरच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या आणि त्यापायी साडेसहा हजार रुपये गेले. हेच काम चंद्रपूरला साडेतीन हजारांत झालं असतं. वरचे तीन हजार कुठे गेले ते माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे. ते सांगावंसं वाटतं, कारण दुरुस्तीचा हा चढा भाव इथे एकट्या मला पडत नाही. पिठाची गिरणी असो, शिलाई मशीन असो की शेतातला पंप, सगळ्यांचं हेच आहे.

माझं शटर दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे. पत्रा अठरा गेजचा, म्हणजे सगळ्या पट्ट्या मिळून वजन नव्वद किलोच्या आसपास जातं. एवढं वजन माझी बायको रोज सकाळी एकटी वर सरकवते, ते स्प्रिंगांच्या जोरावर. दाराच्या वर पत्र्याच्या पेटीत एक आडवा पाइप असतो, त्यावर या स्प्रिंगा चढवलेल्या असतात. माझ्या शटरला चार आहेत. शटर खाली ओढलं की त्यांना पीळ बसतो आणि वर करताना तोच पीळ सुटत पट्ट्यांचं वजन ओढून घेतो. स्प्रिंगा शाबूत आहेत तोवर या ओझ्याची कुणाला जाणीवही होत नाही.

आमच्याकडे पूर्वी दुकानांना सागवानी फळ्या असत. सकाळी एकेक फळी काढून भिंतीला टेकवायची आणि रात्री पुन्हा खाचेत बसवायची. नदीचं पाणी शिरलं की त्या फुगत आणि मग खाचेत जात नसत. शटर आलं तेव्हा तो त्रास संपला, पण लोखंडालाही हे गाव मानवत नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकत्र येतात. छत्तीसगडातल्या पावसाने इंद्रावती भरून आली की पर्लकोटेचं पाणी पुढे जायला वाट राहत नाही. ते मागे फुगतं आणि बाजारात येतं. त्या दिवशी गावात थेंबही पडलेला नसला तरी येतं. 2019 च्या पावसाळ्यात तर गाव पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की शटरच्या दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये गाळ घट्ट बसलेला असतो. तो खरवडून काढला तरी थोडा आत राहतोच, शटर जड चालतं आणि तो सगळा ताण वर स्प्रिंगांवर येतो. शिवाय चार महिने हवा ओली. पेटीच्या फटीतून पावसाचं पाणी झिरपतं ते वेगळंच.

स्प्रिंग तुटली ती संध्याकाळी, दुकान बंद करताना. गोळी सुटावी तसा आवाज झाला. नक्षली चकमकी पाहिलेल्या या भागात असा आवाज झाला की माणसं आधी कानोसा घेतात, मग बाहेर येतात. शेजारचे सगळे येऊन उभे राहिले. शटर खालून अडीच फुटांवर तिरकं होऊन अडकलं होतं, ना वर जात होतं, ना खाली. जोर लावून ते खाली आणता आलं असतं, पण एक स्प्रिंग गेली की तिचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि त्याही गेल्या तर नव्वद किलो पत्रा सरळ खाली येतो. म्हणून आम्ही त्याखाली दोन लाकडी ठोकळे लावले आणि कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं.

गावातल्या वेल्डिंगवाल्याला दाखवलं. त्याने तुटकी स्प्रिंग हातात घेतली आणि जोडून द्यायला साफ नकार दिला. ही तार कडक पोलादाची असते, तिला वेल्डिंगची आच लागली की तिथला ताव उतरतो. जोडलेली स्प्रिंग दोन-चार वेळा पीळ घेईल आणि त्याच जागी पुन्हा तुटेल, असं त्याने समजावून सांगितलं. पैसे मिळत असताना त्याने ते नाकारले, याचं मला फार मोल वाटतं.

शटरचं काम करणारा सर्वात जवळचा मिस्त्री आलापल्लीला. मधला रस्ता पासष्ट किलोमीटरचा, ताडगाव, पेरमिली करत जंगलातून जाणारा. स्प्रिंगा त्याच्याकडेही नव्हत्या, त्या चंद्रपूरहून येणार होत्या. पाइपाची जाडी आणि जुन्या स्प्रिंगची लांबी मोजून मी फोनवर कळवली. ही मापं जुळली नाहीत तर आणलेला माल परत जातो. माल आला, मिस्त्री मदतनिसाला मागे बसवून मोटारसायकलवर निघाला आणि हेमलकशापर्यंत पोचला. तिथून भामरागड तीन किलोमीटर. पण पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी चाललं होतं. दुपारपर्यंत तो पलीकडच्या तीरावर थांबला. पाणी वाढतच गेलं, तेव्हा त्याने फोन केला, “काका, आज काही जमत नाही जी. उजेड आहे तंवर परत निघतो.” मीच त्याला निघ म्हणालो.

पूल मोकळा होईपर्यंत आम्ही दुकान तसंच चालवलं. आत वाकून जायचं, सामान खालून द्यायचं. रात्री मुलगा आणि मी आळीपाळीने दुकानातच झोपायचो. याच दिवसांत आठवडी बाजार आला. लाहेरी, धोडराजकडची माणसं पहाटे निघून येतात, मीठ, तेल, साबण, बॅटरीचे सेल घेऊन अंधारापूर्वी परतीला लागतात. अर्धं शटर पाहून त्यांना दुकान बंद वाटलं आणि कित्येक जण पुढे निघून गेले. एक म्हातारी माडिया बाई, आमची जुनी गिऱ्हाईक, खाली वाकून “जोहार दादा” म्हणाली आणि आत कुणी आजारी आहे का विचारू लागली. त्या बाजारात किती विक्री बुडाली ते मी साडेसहा हजारांत धरलेलं नाही.

मिस्त्री दुसऱ्यांदा आला तेव्हा काम दुपारपर्यंत उरकलं. आधी तिघांनी मिळून शटर पूर्ण वर गुंडाळलं, कारण तेव्हा पीळ कमीत कमी असतो, आणि ते दोराने बांधून टाकलं. मग पाइप पान्यात धरून उरलेला पीळ सावकाश उतरवला. घाई करणाऱ्यांची बोटं त्याने पाहिली आहेत, एवढंच तो म्हणाला. माझा विचार तुटलेली एकच बदलायचा होता. त्याने उरलेल्या तिन्हींवर नख फिरवून दाखवलं. “तारेला गंज धरला का बारीक खड्डे पडतात. मंग तुटते तं तिथूनच तुटते. एक बदलाल तं दिवाळीत मला पुन्हा बोलवाल.” चारही बदलल्या.

वहीतला हिशेब असा: चार स्प्रिंगा साडेपाचशेच्या दराने बावीसशे, मजुरी हजार, बुश आणि ग्रीसचे तीनशे. झाले साडेतीन हजार. पुढे दोन्ही खेपांचं पेट्रोल सहाशे, मदतनिसाचा दोन दिवसांचा रोज बाराशे, आणि पुलाजवळ वाया गेलेल्या दिवसाचे मिस्त्रीला बाराशे. हे शेवटचे बाराशे तो मागत नव्हता, मी दिले. नदी माझ्या गावची, तिच्यामुळे त्याचा रोज बुडावा हे मला पटलं नाही. पूर्वी बाहेरचे कारागीर इकडे यायलाच कचरायचे. जो येतो त्याला तोटा झाला तर तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही, आणि मग साडेसहा हजार मोजूनही काम होणार नाही.

अमेरिकेत असलेल्या भाच्याला हे सांगितलं, तर त्याच्याकडेही गाडीच्या गॅरेजच्या दाराला अशीच स्प्रिंग आहे म्हणाला. तिथे साधी स्प्रिंग सुमारे दहा हजार वेळा उघडझाप होईल अशा हिशेबाने बनवतात. मी आकडेमोड केली. सकाळ-दुपार धरून दिवसातून दोनदा उघडझाप केली, तर एवढा आकडा गाठायला तेरा-चौदा वर्षं लागतात. माझ्या स्प्रिंगा त्याच्या निम्म्याही टिकल्या नाहीत.

यंदा मे महिन्यात आम्ही नऊ दुकानदारांनी मिळून त्याच मिस्त्रीला बोलावलं. पाऊस लागण्यापूर्वी सगळ्यांची चॅनलं धुऊन घेतली, पेट्यांच्या फटी बुजवल्या, स्प्रिंगांना ग्रीस लावलं. दोघांच्या स्प्रिंगा बदलायला झाल्या होत्या, त्या तेव्हाच बदलल्या. येण्याजाण्याचा खर्च नऊ जणांत वाटला, तो प्रत्येकी दोनशेच्या आतच बसला. दोन मापांच्या जास्तीच्या स्प्रिंगा गावात आणून ठेवल्या आहेत. ज्याला लागेल त्याने घ्यायच्या आणि पैसे जमा करायचे.

आयटीआयमधून फिटर होऊन घरी बसलेला गावातला एक पोरगा त्या दिवसभर मिस्त्रीच्या हाताखाली होता. मिस्त्रीने त्याला पीळ उतरवायचा आणि चढवायचा कसा ते दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घेतलं. परवा त्याने शेजारच्या कापड दुकानाचं सैल झालेलं शटर ताणून दिलं, मजुरीचे पाचशे घेतले. त्याच्याकडे मोठा पाइप पाना नाही, मागून आणलेल्या लहान पान्यावर त्याने ते काम केलं आणि ते धोक्याचं आहे. चंद्रपूरहून पाना मागवायचं ठरलं आहे. पैसे आम्ही दुकानदार मिळून देतो आहोत, पाऊस लागायच्या आत तो यायला हवा.