होल्टचा पूल

रिचर्ड विल्सन या चित्रकाराने १७६२ च्या सुमारास रंगवलेले एक तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी लंडन पाहिलेले नाही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड कलाग्रंथात ते छापले आहे. शाळा सुटल्यावर कधीमधी मी ते पान उघडून बसतो.

चित्रात तसे काहीच घडत नाही. डी नावाची संथ नदी, तिच्यावर चौदाव्या शतकातला दगडी कमानींचा पूल, अलीकडे विसावलेली दोनचार माणसे, आणि सगळ्यांवर मधाळ ऊन. हे ऊन मात्र तिथले नव्हे. विल्सन १७५० मध्ये इटलीला गेला, काही वर्षे राहिला, आणि क्लोद लोरँच्या निसर्गचित्रांतला उजेड डोळ्यांत साठवून परतला. तो जन्माने वेल्श. परदेशातून आणलेला तो उजेड त्याने आपल्या मुलखाच्या नदीवर पसरला.

पुलाच्या एका टोकाला होल्ट, ते वेल्समध्ये. दुसऱ्या टोकाला फार्नडन, ते इंग्लंडमध्ये. मधली नदी हीच सीमा. दोन्ही गावांतली चर्चसुद्धा एकाच संत चॅडच्या नावाची! एकदा नववीच्या वर्गात हे पान दाखवून मी विचारले, "यातला वेल्स कोणता?" मुले बराच वेळ निरखत राहिली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, माणसं बोलल्याशिवाय कसं कळणार?"

आम्हा सीमाभागातल्या लोकांचे सारे दुखणे त्या एका वाक्यात आले. कागलहून निपाणीकडे येताना दूधगंगा ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते. माती तीच, ऊस तोच. आपण कोण, हे माती सांगत नाही. ते आपल्या तोंडून ऐकू यावे लागते.

वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवीत. त्याच वेल्समध्ये १९३९ साली अ‍ॅबरिस्टविथ गावी वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, ती अवघ्या ७ मुलांवर. आज तिथे अशा शेकडो शाळा आहेत. यंदा आमच्या आठवीच्या मराठी तुकडीत ११ मुले आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे गप्प होते. मी म्हटले, "सातापेक्षा चार जास्तच आहेत. घंटा द्या."

राज्याच्या नकाशावर आपण कडेला पडतो. राजधानीतून पाहणाऱ्याला आपण कडेचेच दिसणार. विल्सनने मात्र दोन मुलखांची ती कड चित्राच्या मधोमध घेतली आणि जवळचा सर्वांत चांगला उजेड तिच्यावर टाकला. कडेला राहणाऱ्याने आपल्या गावाकडे असेच पाहावे, एवढेच मला त्या चित्राने शिकवले.