पावती आणि पारख

आमच्या मंगळवेढ्याच्या घरीं लक्ष्मीपूजनाचा एक पितळी डबा आहे. त्यांत चांदीचे एकवीस रुपये आहेत. वर्षांतून एकदां हा डबा उघडावयाचा, रुपये साध्या पाण्यानें धुवावयाचे, चौरंगावर तांबड्या वस्त्रावर मांडून त्यांस हळदकुंकूं वाहावयाचें, आणि पाडव्याच्या दिवशीं पुनः डब्यांत ठेवावयाचे, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा परिपाठ. इतक्या वर्षांत आम्हीं त्या रुपयांस नमस्कार पुष्कळ केले. परंतु त्यांच्याकडे नीट पाहिलें, असें मात्र कधीं झालें नाहीं. नमस्काराच्या वेळीं डोळे मिटलेले असतात, हेंच त्याचें कारण असावें.

पाहिलें तें आमच्या पुतण्यानें. आमचे मधले बंधू अकालीं वारले. त्यांचा हा मुलगा वहिनींच्या हाताखालीं वाढला, शिकला, आणि आतां पुण्यास नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वीं पूजेचें छायाचित्र सूनबाईनें आपल्या मोबाईलवर घेतलें आणि हा तें मोठें करून पाहत बसला. थोड्या वेळानें तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, यांतला एक रुपया १९११ सालचा आहे. तो कोणाला देऊं नका." दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें तो रुपया माजघराच्या खिडकींत ठेवून दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं. कुंकूंसुद्धां पुसलें नाहीं. आम्हीं त्या वेळीं हा पोरखेळ समजलों.

१९११ च्या रुपयाची हकीकत मोठी गमतीची आहे. पंचम जॉर्ज गादीवर आल्यानंतरचा हा पहिला रुपया. राजाच्या अंगावरील झग्यावर एक हार आहे आणि त्या हारांत एक हत्ती आहे. कोरणाऱ्यानें हत्तीची सोंड इतकी आंखूड काढली कीं, लोकांस तो डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेच्या भावना दुखावल्या आणि मोठी ओरड झाली. सुमारे ९४ लक्ष रुपये पाडले होते, त्यांपैकीं अवघे सात लक्षांच्या आसपास व्यवहारांत गेले. बाकीचे वितळविण्यांत आले. १९१२ पासून सोंड लांब झाली, आणि हत्ती हत्तीसारखा दिसूं लागला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहकांस हवासा वाटतो. ज्यास मागणी, त्याची नक्कल, हा बाजाराचा नियमच आहे. तेव्हां आंकडा वाचून थांबावयाचें नाहीं, तर हत्तीही पाहावयाचा. आंकडा १९११ चा आणि सोंड १९१२ ची असेल, तर कोणीतरी आंकड्यावर हात चालविला आहे असें खुशाल समजावें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वाड्याची मागील भिंत बसली, आणि पैशाची गोष्ट निघाली. अण्णांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, रुपया विकण्यास होकार दिला नाहीं. पण त्याची योग्यता काय तें समजून घ्यावें, एवढी परवानगी दिली. पुतण्यानें तो पुण्यास नेला आणि एका व्यापाऱ्यामार्फत प्रतवारीसाठीं पाठविला.

ही प्रतवारी म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. १९४९ सालीं शेल्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें आपल्या देशांतील जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठीं एकापासून सत्तरापर्यंत गुणांची एक पट्टी ठरविली. पुढें १९८६ आणि १९८७ सालीं तिकडे पी. सी. जी. एस. आणि एन. जी. सी. अशा दोन कंपन्या निघाल्या. त्या नाणें तपासतात, या पट्टीवर गुण देतात, आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबींत तें कायमचें बंद करून वर चिठी लावतात. चिठीवर एक क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीच्या दप्तरांत शोधला कीं नाण्याची नोंद मिळते, आणि पुष्कळदां त्याचें छायाचित्रही मिळतें.

आमच्या आजोबांच्या काळीं नाण्याची पारख कानानें आणि हातानें होई. सराफ रुपया दगडावर वाजवी. खणखणीत बोलला तर खरा, बद्द बोलला तर खोटा. वजनाला तो तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारांत अकरा भाग चांदी. आतां डबींत बंद झालेलें नाणें वाजवितां येत नाहीं आणि तराजूंतही घालतां येत नाहीं. कान गेले, हात गेले. उरले ते डोळे. छायाचित्राचें महत्त्व आहे तें यासाठीं.

असो. चार महिन्यांनीं रुपया परत आला. चिठीवर साल बरोबर होतें, मुंबईच्या टांकसाळीचा उल्लेख होता. परंतु गुणांचा आंकडा कोठेंच नव्हता. त्याऐवजीं एक इंग्रजी शब्द होता. आम्हीं त्याचा अर्थ 'स्वच्छ' असा केला आणि ती स्तुति समजून मनांत खूष झालों.

वहिनींनीं डबी हातांत घेतली, उजेडांत धरली आणि सहज म्हणाल्या, "भाऊजी, हा आपला रुपया वाटत नाहीं. आपल्याला काळसर झांक होती, कडेला कुंकवाची तांबूस रेघ बसली होती. हा तर कल्हई केलेल्या भांड्यासारखा दिसतो."

त्या एवढेंच बोलल्या आणि चुलीकडे गेल्या. त्यांच्या मनांत कांहीं नव्हतें. परंतु आमच्या मनांत तो शब्द रुतला. रुपया कोणीं नेला? पुतण्यानें. परत कोणीं आणला? पुतण्यानें. त्यानें नुकतेंच पुण्यास घर घेतलें होतें आणि त्याच्यावर कर्ज होतें, हेंही आम्हांस नेमकें त्याच वेळीं आठवलें. आम्ही उघड कांहीं बोललों नाहीं, पण रात्रीं जेवतांना, "व्यापाऱ्याकडे तूं स्वतः दिलास ना?" असें दोनदां विचारलें. दुसऱ्या वेळेस त्यानें पानांतला घास तसाच ठेवला. सूनबाई वाढतां वाढतां थांबली. एकत्र कुटुंबांत भांडण परवडतें. असली शांतता परवडत नाहीं.

जेवण झाल्यावर त्यानें सूनबाईचा जुना फोन पेटींतून काढला आणि लॅपटॉप आमच्यापुढें मांडला. "काका, तुम्ही स्वतःच पाहा," इतकेंच तो म्हणाला. अण्णाही येऊन बसले.

आधीं त्यानें चिठीवरील क्रमांकानें कंपनीच्या नोंदींतील छायाचित्र काढलें. क्रमांक जुळला, तेव्हां आम्ही म्हणालों, "झालें तर." तो म्हणाला, "नाहीं. लबाड लोक खऱ्या नाण्याचा क्रमांक उतरून घेऊन खोट्या डबीवर छापतात. क्रमांक जुळून उपयोग नाहीं, नाणें जुळलें पाहिजे." मग त्यानें डबी तिरपी धरून दिव्याचा उजेड एका बाजूनें पाडला, कारण समोरून उजेड आला कीं प्लॅस्टिक चमकतें आणि बारीक ओरखडे दिसेनासे होतात. राजाच्या गालावर एक आडवा ओरखडा, 'एम्परर' या शब्दाच्या शेवटच्या अक्षराजवळ कांठावर तांदळाच्या कणीएवढी खोच, आणि मागील बाजूस सालाच्या आंकड्याजवळ सुईच्या टोंकाएवढा खळगा. तिन्ही खुणा छायाचित्रांत आणि हातांतील नाण्यांत एकाच जागीं होत्या. म्हणजे कंपनीनें बंद केलेलें नाणें हेंच होय. वाटेंत डबी बदललेली नव्हती.

आतां खरा प्रश्न राहिला. कंपनीकडे गेलें तें नाणें आमचेंच होतें काय? त्यानें पाडव्याच्या सकाळचें छायाचित्र शेजारीं लावलें. रंग पाहिला तर दोन्ही रुपये निराळे. एक काळसर, एक पांढरा. अण्णांनीं चष्मा पुसला. पुतण्या म्हणाला, "रंगाकडे पाहूं नका. रंग उजेडानें बदलतो, धुण्यानें बदलतो. खुणा पाहा." आम्हीं पाहिलें. गालावर तोच ओरखडा होता. खोच अर्धी कुंकवाखालीं झांकली होती, पण जागा तीच. खळगाही तोच. मागील बाजूस खालच्या कमळाखालीं मुंबईच्या टांकसाळीचा ठिपका होता आणि राजाच्या हारांत तो आंखूड सोंडेचा हत्तीही होता. रुपया आमचाच होता.

"मग काळेपणा गेला कोठें?" अण्णांनीं विचारलें.

पुतण्या चिठीवरील त्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "याचा अर्थ स्वच्छ असा नाहीं, घांसलेला असा आहे. कोणीतरी घांसला म्हणून कंपनीनें गुण दिले नाहींत. चांदीवर वर्षानुवर्षांनीं चढलेली झांक हीच तिच्या खरेपणाची साक्ष. ती गेली कीं किंमत निम्म्याहून खालीं येते."

वाचकहो, तो 'कोणीतरी' आम्हीच होतों. रुपया परदेशीं लोकांच्या नजरेस पडणार, तेव्हां तो मळकट दिसूं नये म्हणून पाठविण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं तो चिंच आणि रांगोळी लावून चांगला खसखसून घांसला होता. रुपये घांसावयाचे नाहींत हा वहिनींचा दंडक मोडल्यामुळें तें कोणास सांगितलें नव्हतें. वहिनी बोलल्या तेव्हां आम्हांस तें आठवलेंही होतें. पण एवढ्याशा घांसण्यानें काय होतें, असें आम्हीं मनाला बजावलें. स्वतःची चूक कबूल करण्यापेक्षां दुसऱ्याच्या अप्रामाणिकपणावर विश्वास ठेवणें मनाला फार सोपें जातें.

आम्हीं तें सर्व तेथेंच सांगितलें, आणि पुतण्याची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. लॅपटॉप मिटला आणि आमच्या पायांस हात लावून झोंपावयास गेला. त्या नमस्कारानें आम्हांस जितकी लाज वाटली, तितकी रागाच्या शब्दांनीं वाटली नसती.

छायाचित्र सर्वज्ञ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन खोटीं नाणीं ओततात, तेव्हां मूळ नाण्यावरील खोचही साच्यांतून उतरते. एकच खोच एकाच जागीं दोन-चार नाण्यांवर दिसली, तर ती ओळख नसून बनावटीची कबुली समजावी. वजन आणि आवाज छायाचित्रांत उतरत नाहीं. आणि नाण्याची ओळख पटविणारें छायाचित्र नाणें घराबाहेर जाण्यापूर्वीं घेतलेलें असावें लागतें. भांडण लागल्यावर घेतलेल्याचा उपयोग थोडा. ज्यांच्या घरीं असे जुने डबे असतील, त्यांनीं येत्या पाडव्यास तेवढें करून ठेवावें. चिंच मात्र स्वयंपाकघरांतच राहूं द्यावी.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दामाजीपंतांच्या देवळांत गेलों. ती कथा सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळांत पंतांनीं बादशाही कोठारें लोकांना उघडून दिलीं, आणि विठू महाराच्या रूपानें पांडुरंग बेदरास जाऊन सर्व रक्कम भरून पावती घेऊन आला. ती पावती पंतांना आपल्या पोथींत सांपडली, तेव्हां ते सुटकेनें हंसले नाहींत. पावती आपल्याला मिळाली, पण दर्शन बादशहाला झालें, याचें त्यांना वाईट वाटलें. लहानपणापासून ऐकलेल्या या कथेचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं निराळाच लागला. आम्हीं चिठी वाचली, क्रमांक वाचला. पण हातांतला रुपया पाहिला नाहीं, आणि तीस वर्षें आमच्या पंक्तीला बसून जेवलेला मुलगाही पाहिला नाहीं.

भिंत पुढें ज्वारीच्या पैशांतून बांधली. रुपया विकला नाहीं. तो डबीसकट पुनः पितळी डब्यांत गेला. या दिवाळींत वहिनींनीं त्या प्लॅस्टिकवरच कुंकवाचें बोट लावलें. आम्हीं त्या वेळीं डोळे उघडे ठेवून नमस्कार केला.