बंड्या, पापड आणि राजमाचीची चढण

सव्वीस जानेवारी सोमवारी! 2026 चं कॅलेंडर हातात पडल्यावर तमाम ऑफिसवाल्या जनतेने आधी हेच शोधलं असणार. शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस सलग, तेही थंडीतले. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला खरं तर सगळे वार सारखेच, पण मैत्रिणीला सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी. तिचा फोन आला, 'राजमाचीला जाऊ. चौघं.'

चौघं म्हणजे ती, मी, माझा पापड आणि तिचा बंड्या. पापड आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेला अस्सल देशी. वय 3, वजन 17 किलो, अंगात कायम स्प्रिंग. बंड्या लॅब्रेडॉर. वय 9, वजन 34 किलो, आणि फ्रीज उघडल्याचा आवाज सोडून कशासाठीही उठायचं नाही हे आयुष्याचं तत्त्व.

पण ही नुसती पिकनिक नव्हती, बॉस. मार्चमध्ये मैत्रीण नव्या नोकरीसाठी डब्लिनला जाणार होती. तिकडे घराचा पत्ता नाही, बंड्याचे मागचे पाय थंडीत आखडतात, आणि या वयात त्याला विमानाच्या पोटातून एवढा प्रवास करायला लावायचा का, या विचाराने तिची झोप उडालेली. शेवटी तिने विचारलं होतं, 'तू ठेवशील?' मी म्हटलं होतं, 'बघू.' तो 'बघू' म्हणजे हा वीकएण्ड.

लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने राजमाचीचा रस्ता निघतो. अंतर साधारण 15 किलोमीटर. पावसाळ्यात ट्रेकर मंडळी ओढे ओलांडत हे चालत जातात. थंडीत मात्र उंच चाकांची गाडी आदळत-आपटत थेट उधेवाडी गावापर्यंत पोचते. मैत्रिणीच्या भावाची जीप आम्ही मागून आणली होती. निघण्याआधी बंड्याने आमच्या नकळत पापडच्याही वाटीचा फडशा पाडला होता. त्यातलं बरंचसं तिसऱ्या खड्ड्याला मागच्या सीटवर परत आलं. कुत्र्याला गाडीतून न्यायचं तर निघण्याआधी तीन-चार तास पोट हलकं ठेवा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण बंड्याला कोण सांगणार?

उधेवाडी श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलंय. गावातली घरं ट्रेकर्सच्या राहण्या-जेवणाची सोय करतात. आम्ही फोनवर आधीच विचारून घेतलं होतं, 'सोबत दोन कुत्री आहेत, चालतील का?' मावशी म्हणाल्या होत्या, 'चालतील की. आमच्यात बी हायेत.' त्यांचा काळू अंगणातच होता. त्याने पापडला हुंगलं, बंड्याभोवती एक फेरी मारली आणि हा प्राणी निरुपद्रवी आहे असं ठरवून परत उन्हात जाऊन पडला.

आणि मग मी माती खाल्ली. संध्याकाळी फोटोच्या नादात पापडचा पट्टा सोडला. फक्त दहा सेकंद! त्याच वेळी गावातल्या शेळ्या परत येत होत्या. पापड सुटला तो थेट एका करडाच्या मागे. करडू ओरडतंय, मी ओरडतेय, मैत्रीण ओरडतेय. मावशींनी मात्र एकही शब्द न बोलता लोंबणाऱ्या पट्ट्यावर पाय दिला. मग म्हणाल्या, 'ताई, तुमची गंमत व्हती, पण माझं करडू गेलं असतं.' करडू सुखरूप होतं, पण मला कुठे लपू असं झालं. 'तो चावत नाही हो' हे शहरातलं पालुपद इथे अगदीच बिनकामाचं. कुत्र्याने नुसतं पळवलं तरी शेळी दरीत पडू शकते. त्यानंतर सोमवारपर्यंत पट्टा माझ्या मनगटालाच होता.

रात्री तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. (बंड्याला भाकरी कोरडीच दिली. कांदा कुत्र्यांना विषारी असतो, म्हणून पिठल्याचा घास नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता.) झोपायच्या वेळी मावशी बजावून गेल्या, 'कुत्री आत घ्या. रातच्याला वाघरू फिरतं.' मला आधी वाटलं, पाहुण्यांना घाबरवायची जुनी युक्ती असेल. मग आठवलं, विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. टेंटबाहेर कुत्रा बांधून 'कॅम्पिंग'चे फोटो टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आमची दोघं आत, आमच्याच पांघरुणात.

रविवारी साडेसहाला निघालो. एवढ्या लवकर का? कारण कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्यांचा मुख्य एसी. दहानंतर कातळ तापतो. दगडावर पालथा हात ठेवून बघा, सात सेकंद सहन होत नसेल तर त्यांच्या पंजांनाही होत नाही. पाणीही घरून न्यायचं. टाक्यांतलं साचलेलं पाणी प्यायला दिलं तर लेप्टोची भीती असते.

खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे. तिथून एका बाजूला मनरंजन, दुसऱ्या बाजूला श्रीवर्धन. बोरघाटावर नजर ठेवणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये स्वराज्यात आणला. काळू देवळापर्यंत पुढे चालत आला, बिस्कीट वसूल केलं आणि परत फिरला. पापड त्याच्या जागी गाईड झाला. मी कसली त्याला फिरवते, तोच मला ओढत नेत होता.

बंड्या मात्र दर पन्नास पावलांवर थांबायचा. तो थांबला की आम्ही थांबायचो, आणि थांबलो की काहीतरी दिसायचं. कारवीची वाळकी झुडपं, दगडावर ऊन खाणारा सरडा, खाली गावातून उठणारा चुलीचा धूर. याआधी कॉलेजच्या ग्रुपबरोबर मी हा किल्ला धावतपळत 'केला' होता. तेव्हाचं मला फक्त टॉपवरचं ग्रुप फोटोसेशन आठवतं.

पडक्या दरवाजाच्या अलीकडे पायऱ्या ढासळल्यात. तिथे बंड्याने वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि बसला. मैत्रिणीने अंड्याचं आमिष दाखवलं. त्याने बसल्या जागेवरून अंडं खाल्लं. विषय संपला. 34 किलो उचलून न्यायची आमच्यात कुणाचीच टाप नव्हती, आणि त्याचे मागचे पाय थरथरताना दोघींनीही पाहिले होते. ठरलं, आळीपाळीने वर जायचं. आधी ती.

ती दिसेनाशी झाली आणि बंड्या रडायला लागला. भुंकणं नाही, अगदी बारीक कुईकुई. पापडसुद्धा चुळबुळ थांबवून त्याच्याकडे बघत राहिला. मी पाणी दिलं, तोंड फिरवलं. बिस्कीट दिलं, शिवलं नाही. बिस्किटाला न शिवणारा बंड्या मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. मार्चमध्ये माझ्या घरात हे वीस मिनिटांत संपणार नव्हतं. फ्रीलान्सिंगचे चेक कधी येतात याचा नेम नाही, त्यात दोन कुत्र्यांचं खाणं, लसी, त्याच्या सांध्यांची औषधं. डोक्यात आकडेमोड चालू होती. तेवढ्यात त्याने एक मोठा उसासा टाकला आणि हनुवटी माझ्या बुटावर ठेवली. बुटाखाली भाकरीचा तुकडा पडला होता, हे मला नंतर कळलं.

ती चाळीस मिनिटांनी उतरली. डोळे लाल. 'वर वारा सॉलिड आहे,' म्हणाली. मी म्हटलं, 'असणारच.'

मग मी गेले. शिरोट्याचं पाणी, समोर ढाकचा डोंगर, खाली सरळ कोकणात उतरलेले कडे. मस्त आहे, पण मी पाच मिनिटांत परत फिरले. कारण खालून पापडचा आक्रोश अख्ख्या मावळाला ऐकू जात होता. बंड्या शेजारी घोरत होता.

सोमवारी रात्री पुण्यात दोघांच्या अंगावरच्या गोचिडी काढल्या. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. पापडच्या 4, बंड्याच्या 11. त्या रात्री बंड्याला ट्रायल म्हणून माझ्याकडेच ठेवलं. साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज, 'रडतोय का?' मी फोटो पाठवला. सोफ्यावर बंड्या आडवा, त्याच्या पोटाला पाठ लावून पापड, आणि मी खाली चटईवर.

तिने लगेच त्याच्या लसीकरणाच्या फाईलचे फोटो पाठवले, सगळी पानं. आता घरमालकांशी बोलायचं होतं. त्यांच्या हिशेबात आमच्या घरी अजून एकच कुत्रा होता.